धर्मादा आणि कर : गावाच्या खर्चाचे दोन गल्ले

व्यापारी घराण्यांतील जुन्या वह्या उघडून पाहिल्या, तर खरेदी-विक्री, अडत, हमाली आणि व्याज यांच्या खात्यांबरोबर आणखी एक खाते आढळते. त्याचे नाव धर्मादा खाते. प्रत्येक सौद्यामागे ठरावीक पैसे त्या खात्यावर जमा व्हायचे आणि वर्षाअखेर ती रक्कम पाणपोईला, पांजरपोळाला, धर्मशाळेला किंवा पाठशाळेला जायची. त्याच वह्यांत दुसरे एक खातेही असे. जकात, विक्रीकर, घरपट्टी, परवाना फी अशा सरकारी देण्यांचे ते खाते. पहिल्या खात्यात रक्कम टाकताना हात सैल असे. दुसऱ्या खात्यात टाकताना कपाळावर आठी येई. खरे पाहता दोन्ही खात्यांतील पैसा एकाच गावाच्या उपयोगासाठी निघालेला असतो.

आपल्या समाजातील सेवामंडळे, युवक मंडळे आणि महिला मंडळे आज गावोगावी उत्साहाने काम करीत आहेत. लायन्स, रोटरी, जैन सोशल ग्रुप आणि भारतीय जैन संघटना यांच्या शाखांतून व्यापारी कुटुंबेच मोठ्या संख्येने दिसतात. दुसरीकडे, लहान नगरांना उत्पन्नाचे स्वतःचे साधन उरले नसल्याने विक्रीवर स्थानिक कर बसवू द्यावा, ही सूचना अधूनमधून पुढे येते. या दोन गोष्टींचा विचार आपण सहसा वेगवेगळा करतो. सेवेची चर्चा सत्काराच्या व्यासपीठावर होते आणि कराची चर्चा निषेधाच्या सभेत. या लेखात दोन्हींचा विचार एकत्र करावयाचा आहे, आणि तोही सालेकसासारखे एक लहान नगर डोळ्यांसमोर ठेवून.

सालेकसा : रेल्वेमार्गावरचे सीमेचे गाव

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमांना लागून सालेकसा तालुका आहे. हावडा-मुंबई मार्गावर आमगाव सोडले की सालेकसा, पुढे दरेकसा, आणि मग डोंगर ओलांडून गाडी छत्तीसगडातील डोंगरगडला पोहोचते. तालुक्याचा बराच भाग वनाचा आणि गोंड आदिवासींच्या वस्तीचा. धान हे मुख्य पीक. मोहफुले आणि तेंदूपाने हा जंगलाचा हंगाम. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात माणसांनी फुलतो, तर माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेतील यात्रेस अनेक राज्यांतून गोंड बांधव लाखोंच्या संख्येने येतात.

डोंगरगडचे नाव जैन वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. तेथील चंद्रगिरी तीर्थावर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांनी समाधी घेतली. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९४६ साली जन्मलेल्या या तपस्व्याच्या प्रेरणेतून हातमाग केंद्रे, गोशाळा आणि मुलींसाठीची प्रतिभास्थली विद्यालये उभी राहिली. त्यांतील एक डोंगरगडलाच आहे. म्हणजे सालेकसाच्या शेजारीच, रेल्वेने काही स्थानकांवर, सामाजिक दानाचे एक मोठे उदाहरण उभे आहे.

तालुक्याची मुख्य ठिकाणे असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याच्या राज्याच्या धोरणातून सालेकसा येथेही नगरपंचायत झाली. नाव नगराचे झाले, अपेक्षाही नगराच्या झाल्या. पक्की गटारे, दररोजचे पाणी, कचरागाडी, पथदिवे, बाजारातील शौचालय, स्मशानभूमीतील निवारा, अग्निशमनाची सोय ही यादी गोंदियासारख्या मोठ्या शहराच्या यादीहून वेगळी नाही. उत्पन्न मात्र तेवढे नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची बैठकी, गाळ्यांचे भाडे आणि सरकारी अनुदान एवढ्यावर सारा कारभार. ज्या गावात मोठी इमारत नाही तेथे घरपट्टी किती गोळा होणार? मग उरलेला खर्च कोणी करायचा, हा प्रश्न सरळ व्यापाऱ्याच्या दुकानासमोर येऊन उभा राहतो, कारण लहान गावात पैसा फिरताना दिसतो तो बाजारपेठेतच.

जकात नाक्यापासून जीएसटीपर्यंत

या प्रश्नाचे जुने उत्तर होते जकात. गावाच्या वेशीवर नाका, नाक्यावर कारकून, आणि आत येणाऱ्या प्रत्येक मालावर कर. नगरपालिकेला रोज रोकड मिळे. कोणाकडे हात पसरावा लागत नसे. व्यापाऱ्याला मात्र ट्रक ताटकळण्याचा, मूल्यावरून होणाऱ्या वादाचा आणि चिरीमिरीचा जाच होता. नाक्याचा खर्चही करातूनच निघे. महाराष्ट्रातील नगरपालिका क्षेत्रांतून १९९९ साली जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून सहायक अनुदान आले. मोठ्या महापालिकांत ती पुढेही चालू राहिली.

२०१० पासून टप्प्याटप्प्याने महापालिकांमध्ये स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. १ एप्रिल २०१३ रोजी नागपूर, पुणे, ठाणे यांसारख्या मोठ्या शहरांत तो लागू होताच व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. कित्येक आठवडे चाललेल्या त्या आंदोलनात आपल्या समाजातील व्यापारी आघाडीवर होते. त्यांचा आक्षेप रास्त होता. राज्याचा व्हॅट भरणाऱ्याने पुन्हा नगरासाठी वेगळी नोंदणी, वेगळी वही, वेगळे विवरणपत्र आणि वेगळा तपासनीस का सोसावा? नाका वेशीवरून उठून दुकानाच्या उंबरठ्यावर आला, अशी ती तक्रार होती. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून मुक्ती मिळाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या जकातीसह उरलेले सारे स्थानिक कर त्यात विरले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. महापालिकांचे बुडालेले उत्पन्न भरून देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई देण्याची त्यात तरतूद झाली. हे संरक्षण मोठ्या शहरांचे. ज्या गावांनी कधी जकातच घेतली नाही आणि जी नंतर नगरपंचायती झाली, त्यांच्या वाट्याला अशी वाढती भरपाई येण्याचे कारण नव्हते. आंदोलन शहरात झाले, तडजोडही शहराशी झाली. सालेकसासारख्या गावाचा विचार त्या वाटाघाटीत नव्हता.

नगराचा स्वतःचा विक्रीकर : शक्य किती, योग्य किती?

मग लहान नगराने आपल्या हद्दीतील विक्रीवर एक टक्का किंवा अर्धा टक्का कर का बसवू नये? पहिले उत्तर कायद्याचे आहे. २०१६ च्या एकशेएकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंद वगळली. विक्रीकराची नोंद पेट्रोलियमचे काही पदार्थ आणि मद्य एवढ्यापुरती मर्यादित केली. करमणुकीवरील कर मात्र स्थानिक संस्थांसाठी राखला गेला. नगरपंचायतीला राज्य कायद्याने देईल तेवढाच कर बसवता येतो. त्यामुळे एखाद्या नगरपंचायतीने सभेत ठराव करून कापडावर, किराण्यावर किंवा भांड्यांवर विक्रीकर बसवणे आज शक्य नाही.

दुसरे उत्तर व्यवहाराचे. समजा, एखाद्या दुकानाची वार्षिक उलाढाल वीस लाख आहे आणि सर्व खर्च जाऊन पाच टक्के, म्हणजे एक लाख रुपये उरतात. एक टक्का स्थानिक कर म्हणजे वीस हजार रुपये. तो ग्राहकाकडून वसूल करता आला नाही, तर नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. आणि ग्राहकाकडून वसूल करायचा म्हटले, तर आमगाव एका बाजूला आणि डोंगरगड दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे गाडी जाते. सीमेवरच्या गावात कर वाढला की ग्राहक पायाने मत देतो. तिसरा मुद्दा गरिबाचा. मोहफुले विकून मीठ, तेल आणि साबण घेणाऱ्या माणसाच्या खिशातून तो एक टक्का जास्त बोचरा असतो, कारण त्याची जवळजवळ सारी मिळकत खरेदीतच संपते.

असे असले तरी स्थानिक विक्रीकराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे उडवून लावता येत नाही. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतून माणसे येतात. बाजाराचे पाणी, शौचालय, दिवे आणि साफसफाई ती वापरतात. परंतु घरपट्टी भरतात फक्त गावात राहणारे. बाजाराचा खर्च बाजाराच्या व्यवहारातून निघावा, हे म्हणणे न्यायाचे आहे.

अमेरिकेत काही राज्यांनी यावर एक मार्ग काढला आहे. जॉर्जिया राज्यात १९८५ च्या कायद्याने काऊंटीला विक्रीवर एक टक्का जादा कर बसवता येतो. मात्र त्याला तीन अटी आहेत. कोणत्या कामासाठी कर हवा ते आधी जाहीर करायचे, त्यावर मतदारांचे मत घ्यायचे, आणि मुदत संपली की कर आपोआप थांबवायचा. पुढे हवा असेल तर पुन्हा मतदाराकडे जायचे. आपल्याकडे हा कर जसाच्या तसा आणता येणार नाही, आणू नये. परंतु काम ठरलेले, मुदत ठरलेली आणि हिशेब उघडा, ही त्यामागील शिस्त आपल्याला परकी वाटू नये. कोणत्याही चांगल्या पेढीचा कारभार त्याच शिस्तीने चालतो.

महाराष्ट्राने स्वतः असा एक प्रयोग केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. आपण दरवर्षी भरतो ते अडीच हजार रुपये त्याच कायद्याचे. शहरातील कमावत्या माणसाने खेड्यातील बेकारासाठी दिलेला तो वाटा होता. व्यवसाय कराविषयी कुरकुर झाली असेल, पण त्याविरुद्ध महिनोन्महिने दुकाने बंद राहिली नाहीत. रक्कम ठरलेली होती, तपासनिसाचा जाच कमी होता आणि पैसा कोठे जातो याचे उत्तर एका वाक्यात देता येत होते.

आजच्या घडीला सर्वांत समंजस मार्ग डॉ. विजय केळकर यांनी सुचविलेला दिसतो. तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष राहिलेल्या केळकरांनी २०१९ मध्ये अशी मांडणी केली की, जीएसटीच्या उत्पन्नातील सहावा हिस्सा थेट स्थानिक संस्थांना मिळावा. व्यापाऱ्याला नवी वही नको, नवा तपासनीस नको; जो कर तो आजही भरतो त्यातील ठरावीक वाटा गावाला परत यावा. व्यापारी संघटनांनी जकात आणि एलबीटी यांविरुद्ध जितकी शक्ती लावली, त्याच्या निम्मी जरी या मागणीमागे लावली तरी लहान नगरांचे चित्र बदलू शकेल. कर नको म्हणण्याचा नैतिक अधिकार त्यालाच शोभतो, जो पर्यायही सुचवतो.

धर्मादा : आपणच आपल्यावर बसवलेला कर

स्थानिक विक्रीकराची कल्पना आपल्याला नवी वाटते. पण व्यापारी महाजनांनी ती शतकानुशतके स्वेच्छेने राबविली आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली अमीचंद शहा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारांवर लागा बसवून घेतला. गठडीमागे किंवा पोत्यामागे ठरलेला तो अंश कोणत्याही सरकारने मागितला नव्हता. महाजनाने ठरविला, सर्वांनी मानला, आणि हिशेब सर्वांसमोर ठेवला गेला. त्याला कर म्हणा किंवा दान, परिणाम एकच होता. काम थांबत नसे.

कायद्यानेही या परंपरेची दखल घेतली आहे. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ५४ चे नावच ‘धर्मादा’ असे आहे. व्यापाराच्या रूढीने किंवा सौद्यातील कराराने धर्मादायासाठी म्हणून जी रक्कम घेतली जाते, तिचा व्यापारी मालक नसतो, विश्वस्त असतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे द्यावा, असे ते कलम सांगते. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या १९७९ मधील प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मादा म्हणून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही, असे मानले.

याचा अर्थ आपल्या घरातील तरुणांनी नीट समजून घ्यावा. बिलावर धर्मादा लिहिला की तो पैसा गल्ल्यात असूनही आपला राहत नाही. तो आपल्या नावाने वाटून फलकावर नाव कोरणे हे दान नव्हे. ती तर ग्राहकाच्या पैशाची पोच आहे. आपल्या नफ्यातून, आपल्या परिग्रहाला मर्यादा घालून जे दिले जाते तेच आपले दान.

सेवामंडळांचे बळ आणि मर्यादा

सेवामंडळांचे काम सर्वांत उजळून दिसते ते आपत्तीच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणले आणि वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या या संघटनेचे ते काम एका दिवसाच्या मदतीवर थांबले नाही. मुलांची शाळा पुरी होईपर्यंत चालले. जयपूर येथे १९७५ साली सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने जयपूर फूट गरिबातील गरिबाला मोफत मिळवून दिला. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची ही आजची रूपे म्हणता येतील.

पण लहान गावातील रोजच्या प्रकल्पांकडे पाहिले की वेगळा प्रश्न उभा राहतो. पाणपोई बांधली जाते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. दोन उन्हाळ्यांनंतर नळ गळू लागतो, शीतयंत्राचे वीजबिल थकते आणि टाकीवरचे देणगीदाराचे नाव तेवढे शिल्लक राहते. बाकडी, कचराकुंड्या, वृक्षारोपण आणि शववाहिका यांचेही बहुतेक ठिकाणी असेच होते. बांधण्यासाठी दाता मिळतो, चालविण्यासाठी मिळत नाही. दरवर्षीच्या आवर्ती खर्चाला करच लागतो, कारण कर दरवर्षी येतो. दानाला उत्साहाची भरती-ओहोटी असते.

दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. सेवामंडळाने गटार साफ करून दिले की नगरपंचायतीवरचा दबाव हलका होतो. कर भरणाऱ्याने जे हक्काने मागायचे ते दान म्हणून मिळू लागते आणि गावाला हक्क मागण्याची सवयच उरत नाही. शिवाय दान कोठे द्यायचे हे दाता ठरवितो. बाजाराच्या चौकात दोन पाणपोया होतात आणि टोलीवरच्या वस्तीत एकही होत नाही. नगरपंचायतीच्या सभेत त्या वस्तीचा निदान एक नगरसेवक तरी बसलेला असतो.

या दोन्ही मर्यादा ओलांडणारे एक उदाहरण विदर्भातच आहे. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ या नावाने तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले. यंत्रे संघटनेने पुरविली, डिझेलचा खर्च शासनाने केला आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने शेतात नेऊन टाकला. दानाचा पैसा, कराचा पैसा आणि लाभ घेणाऱ्याचे श्रम असे तीन धागे त्यात एकत्र गुंफले गेले. कोणी कोणाची जागा घेतली नाही.

सालेकसा आणि परिसरासाठी हे उदाहरण फार जवळचे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलीभाषेतले मामा तलाव, सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव शतकानुशतके धानाला पाणी देत आले. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावाने मिळून दुरुस्ती करण्याची जुनी घडी विस्कटली. पूर्वी गाळ काढण्याची जबाबदारी कोणाची हे सर्वांना ठाऊक होते. नंतर ती सर्वांची झाली आणि म्हणून कोणाचीच राहिली नाही. धानाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या बाजारपेठेला या तलावांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तलाव भरला तर धान पिकते, धान पिकले तर भातगिरणी चालते, आणि गिरणी चालली तरच दिवाळीला कापडाच्या दुकानात गर्दी होते. तलावातील गाळ हा व्यापाऱ्याच्याही वहीतला गाळ आहे.

अचौर्य आणि करभरणा

आता एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ नावाचा एक अतिचार आहे. राज्याच्या नियमांविरुद्ध जाऊन व्यापार करणे असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि आजच्या काळात प्रवचनकार त्याखाली करचुकवेगिरीही घेतात. खोटी वजनमापे आणि भेसळ हेही त्याच रांगेतले दोष आहेत. म्हणजे शास्त्रकारांनी कर बुडविणाऱ्याला आणि माप मारणाऱ्याला वेगवेगळ्या बाकांवर बसविलेले नाही.

कच्च्या चिठ्ठीवर विकून वाचविलेल्या रकमेतून मोठी देणगी दिली, तर पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होईल? ती रक्कम आधीच शाळेची, रस्त्याची आणि दवाखान्याची होती. तिला वळसा घालून आपल्या नावाच्या पाटीकडे नेणे याला दान म्हणता येत नाही. कर जाचक असेल तर त्याविरुद्ध उघड लढावे, निवेदन द्यावे, न्यायालयात जावे, दुकाने बंद ठेवावीत. एलबीटीच्या वेळी समाजाने ते केले आणि यश मिळविले. चोरून कर बुडविणाऱ्याला मात्र तो उघड लढा देता येत नाही. त्याचा आवाज सभेत निघत नाही.

कायदाही लहान व्यापाऱ्याला काही प्रमाणात सवलत देतो. महाराष्ट्रात केवळ मालाचा व्यापार करणाऱ्यास सर्वसाधारणपणे चाळीस लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत एक टक्का दराने कर भरता येतो. घरपट्टी वेळेवर भरली नाही तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, हे व्याज कोणत्याही सावकाराहून स्वस्त नाही. सर्वांत आधी आपल्या दुकानाची आणि गाळ्याची पट्टी भरलेली असावी, मग नगरपंचायतीच्या दारात प्रश्न विचारायला जावे.

समाजाने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक सेवामंडळाने नवा प्रकल्प घेताना पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च आधी बाजूला काढावा. जेथे तो निघत नाही तेथे उद्घाटन करू नये. दहा नव्या पाणपोयांपेक्षा चालू असलेली एक जुनी पाणपोई गावाच्या अधिक उपयोगाची.

दुसरी गोष्ट, दान कोठे आणि कर कोठे याची विभागणी मनाशी स्पष्ट करावी. पाणी, गटार, दिवे आणि कचरा ही नगरपंचायतीची कर्तव्ये आहेत, ती मागावीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान नगरांना दिलेल्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. ती कशावर खर्च झाली हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक आपण होऊन प्रसिद्ध करणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे. जेथे नियमाचा पैसा पोहोचत नाही, म्हणजे अनाथ मुलाची शाळा, एकाकी वृद्धाचे औषध, कचारगडच्या यात्रेकरूला पिण्याचे पाणी, मुक्या जनावरांचा चारा, तेथे दान पोहोचावे.

तिसरी गोष्ट, ज्यांना वही वाचता येते त्यांनी गावाची वही वाचावी. रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद हे आपल्या घरांतील मुलांना व सुनांना लहानपणापासून ठाऊक असते. नगरपंचायतीचे अंदाजपत्रक त्याहून कठीण नसते. महिला मंडळाने किंवा युवक मंडळाने दरवर्षी ते मिळवून, सोप्या मराठीत त्याचा एक पानाचा गोषवारा गावात वाटला, तर एखाद्या कमानीपेक्षा ती सेवा मोठी ठरेल. या कामाला पैसा लागत नाही, केवळ आपल्या घरात असलेली हिशेबाची विद्या लागते.

चौथी गोष्ट, मंडळांनी आपलेही हिशेब तितकेच उघडे ठेवावेत. धर्मादा घेतला असेल तर तो किती आणि कोठे गेला याचा तक्ता वर्षाअखेर दुकानात लावावा. ज्या आदिवासी ग्राहकाच्या बिलातून तो रुपया आला, त्याच्या वस्तीपर्यंत त्यातील काही पोहोचले का, हेही त्यात दिसावे.

पाचवी गोष्ट, व्यापारी संघटनांनी नव्या करांना विरोध करताना नगरांना जीएसटीतील थेट वाटा मिळावा ही मागणी आपल्या निवेदनांत कायमची घालावी. आपण भरलेला कर आपल्या गावाच्या गटारापर्यंत पोहोचावा, एवढीच ती मागणी आहे.

लहान गावातील व्यापाऱ्याचे भवितव्य गावापासून वेगळे काढता येत नाही. मोठ्या शहरातला दुकानदार रस्ता खराब झाला तर दुसऱ्या पेठेत जातो; सालेकसाच्या दुकानदाराला दुसरी पेठ नाही. त्याचा ग्राहक, त्याचा हमाल, त्याच्या मुलांचे शिक्षक आणि त्याच्या दारावरून जाणारे सांडपाणी, सारे एकाच गावाचे. म्हणून त्याच्या वहीत धर्माद्याचे खाते जसे असावे तसे कराचे खातेही स्वच्छ असावे, आणि वर्षाअखेर ताळा पाहताना दोन्ही खाती शेजारी ठेवून वाचली जावीत.

जय जिनेंद्र.